घंगाळाचे वारस

वडिलोपार्जित मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन प्रकार कायदा मानतो. जी जागची हलत नाही ती स्थावर आणि जी हलवता येते ती जंगम, अशी ही सुटसुटीत विभागणी आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरात साठत आलेली भांडीकुंडी पुस्तकात जंगम ठरत असली, तरी प्रत्यक्षात ती स्थावराहून स्थावर असल्याचे दिसून येते, कारण शेत विकले जाते, वाडा बिल्डरच्या स्वाधीन होतो, परंतु माळ्यावरचे पितळी घंगाळ, संदुकीतले चांदीचे ताट आणि फडताळातला चिनी मातीचा टी-सेट यांचे काय करायचे, हा प्रश्न ‘दिवाळीला सगळे जमू तेव्हा बघू’ या ठरावाने तहकूब होतो आणि ती दिवाळी कोणत्याही पंचांगात सापडत नाही.

या प्रश्नाच्या अभ्यासाला तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल, कारण वाटणी या विषयातला या जिल्ह्याचा अनुभव दांडगा आहे. १९०५ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात तो स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत तो आंध्र प्रदेशात गेला, पण जाताना किनवट आणि राजुरा हे त्याचे मराठी भाग मुंबई राज्याकडे वळते झाले. २०१४ साली तो तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. परिणामी पैनगंगेच्या दक्षिणेला मूळ घर असलेल्या मराठी कुटुंबात थोरले दादा आदिलाबादेत, धाकटे हैदराबादेत कुकटपल्लीला, एक बहीण किनवटला, दुसरी पांढरकवड्याला आणि पुतण्या अमेरिकेत डलासला, अशी पांगापांग सर्रास आढळते. राज्यपुनर्रचना आयोगाने तालुके वाटून दिले, परंतु त्या तालुक्यांत विखुरलेल्या भावंडांच्या ताटवाट्यांसाठी आयोग नेमण्याचे कोणाला सुचले नाही. आणि तो नेमला असता, तर त्याला आजही मुदतवाढ मिळत राहिली असती.

अशा घरातील भांड्यांचे तीन थर पडतात. थर हा शब्द येथे पुरातत्त्वशास्त्रातल्या अर्थाने, म्हणजे जितके खाली जावे तितका काळ जुना, या अर्थाने घ्यायचा आहे. फरक इतकाच की घरातला सर्वांत जुना थर सर्वांत वर, माळ्यावर असतो. तो तांब्या-पितळेचा थर होय. त्यात आंघोळीच्या पाण्याचे घंगाळ, पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब, हंडे, कळश्या, पंगतीची तपेली, दोन माणसांनी धरल्याशिवाय न उचलणाऱ्या पराती आणि ज्यांचा उपयोग आता कोणालाच ठामपणे सांगता येत नाही अशी काही झाकणे यांचा समावेश होतो. शेजारची तेलुगू कुटुंबे तांब्याला चेंबू आणि घागरीला बिंदे म्हणतात, परंतु घंगाळ त्यांच्याकडेही गंगाळमच असल्याने निदान या एका भांड्यावरून जिल्ह्यात भाषिक वाद कधी उद्भवला नाही. जे वाद झाले ते सगळे एकाच भाषेत, सख्ख्या भावाभावांत झाले.

मधला थर चांदीचा असून तो कुलपात असतो. ताट, वाटी, फुलपात्र, तांब्या-भांडे, निरांजने, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी ही त्यातली नेहमीची मंडळी. त्यांच्या जोडीला निजामी राहणीची छाप म्हणून पानदान आणि उगालदान ही जोडी येते. उगालदान म्हणजे पिंक टाकण्याचे भांडे. वाटणीच्या वेळी पानदान प्रत्येकाला हवे असते आणि उगालदान कोणालाच नको असते, यावरून आपल्या समाजाला परंपरेचा नेमका किती भाग मान्य आहे, याचा अंदाज बांधता येतो. एखाद्या घरी बिदरी कामाची सुरई असते. जस्ताच्या मिश्रधातूत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवून, बीदरच्या किल्ल्यातील माती वापरून बाकीचा भाग काळा केलेले हे काम असल्यामुळे, जाणकार डोळा नसेल तर ते लोखंड समजून भंगारात जाण्याचा धोका असतो. तळाशी फडक्यात बांधलेले चारमिनारची छाप असलेले रुपये सापडतात. हा हैदराबाद संस्थानचा स्वतःचा, हाली सिक्का म्हणून ओळखला जाणारा रुपया. तो १९५९ साली व्यवहारातून बाद झाला, परंतु फडक्यातून अद्याप बाद झालेला नाही.

तिसरा आणि सर्वांत अलीकडचा थर चिनी मातीचा असून त्यात आजीची लोणच्याची बरणी आणि आजोबांचा टी-सेट हे दोन परस्परविरोधी पक्ष नांदतात. वर तपकिरी, खाली पांढरी, घट्ट झाकणाची बरणी स्वयंपाकघराच्या आतल्या अंगाला, कारण मीठ, आंबट आणि तेल यांना ती दाद देत नाही आणि पितळेसारखी कळकत नाही. टी-सेट मात्र ढाळजेच्या पुढे कधी सरकला नाही. ढाळज म्हणजे वाड्याच्या दिंडीलगतची बैठकीची जागा. त्याचे कारण असे की ‘बोन चायना’ नावाची जी उंची चिनी माती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जोसाया स्पोड याने नावारूपाला आणली, तिच्यात जनावरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते. हे रसायनशास्त्र घरातल्या सोवळ्या बायकांनी वाचलेले नव्हते, तरी साहेबाच्या कपात काहीतरी काळेबेरे आहे, हा त्यांचा संशय पूर्णपणे शास्त्रीय ठरला.

टी-सेट आणला गेला तो चहा पिण्यासाठी नव्हे. निजामाच्या राज्यात जिल्हाधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत आणि हे अव्वल तालुकदार दौऱ्यावर आले, तर त्यांच्यापुढे पितळी पेला कसा ठेवायचा, या चिंतेतून किटली, दुधाचे भांडे, साखरेचे भांडे आणि सहा कपबशा असा संच घरात येत असे. आपल्याकडे दूध, साखर, चहापत्ती आणि आले हे सारे एकाच पातेल्यात उकळत असल्यामुळे दुधाचे स्वतंत्र भांडे जन्मतःच बेकार होते, साखरेच्या भांड्यात पुढे सुपारी गेली आणि किटलीत घराच्या किल्ल्या. उरल्या कपबशा. त्यांतल्या बशीला आपल्या लोकांनी मोठा मान दिला, कारण कप हा चहा आणण्यासाठी आणि बशी तो पिण्यासाठी असते, अशी इकडची समजूत होती. कालांतराने सहा कपांचे पाच झाले. पाच कपांचा संच ही गणितातील एक विलक्षण संख्या आहे: तो पाहुण्यांसमोर मांडता येत नाही, टाकवत नाही, आणि चार भावंडांत वाटायला घेतला तर एक कप उरतो, ज्याचा कान नेमका तुटलेला असतो.

येथे भांड्यांवरील नावांचा विचार करणे आवश्यक ठरते. भांड्यावर नाव घालणे म्हणजे बारीक छिन्नी आणि हातोडीने, पुढे विजेच्या लेखणीने, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उमटवणे. ‘चि. सौ. कां. हीस विवाहप्रसंगी मामांकडून सप्रेम भेट’ एवढा मजकूर, मध्ये नाव आणि शेवटी साल, असा हा शिलालेखाचा घरगुती अवतार असतो. कारागीर मराठी असेल तर अक्षर देवनागरी, तेलुगू असेल तर तेलुगू, आणि शुद्धलेखन दोन्हीकडे स्वतंत्र. या लेखांचे महत्त्व वाटते त्याहून मोठे आहे. ज्या बाईचे नाव जमिनीच्या पहाणीपत्रकात जन्मभर चढले नाही, घराच्या दारावरच्या पाटीवर लागले नाही आणि जे लग्नातच बदलले गेले, ते तिचे नाव अनेक घरांत केवळ एका तांब्याच्या काठावर टिकून राहिले आहे. असे भांडे मोडीत घालणे म्हणजे दफ्तर जाळणे होय, हे कोणीतरी म्हातारे माणूस बैठकीत म्हणते आणि मग सगळे थोडा वेळ गप्प बसतात. या गांभीर्याला छेद देणारी गोष्ट एवढीच की प्रत्येक घरात किमान एक तांब्या असा निघतो, ज्यावर दुसऱ्याच घरचे नाव असते. तो कुठल्याशा मुंजीत पंगतीसाठी मागून आणलेला असतो, परत करायचा राहून गेलेला असतो आणि त्याच्या मूळ मालकांकडे त्या बदल्यात गेलेली आपली कळशी हा कुटुंबाचा एक जुना सल असतो.

शास्त्राकडे वळल्यास निराशा पदरी पडते, असे नाही. आदिलाबादप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या बसवकल्याण येथे, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीत, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिली आणि बंगालचा भाग सोडला तर बहुतेक भारतभर हिंदू कुटुंबांच्या वाटण्या त्या ग्रंथाच्या आधाराने झाल्या. धर्मशास्त्राने काही वस्तू अविभाज्य, म्हणजे वाटता न येणाऱ्या, ठरवल्या आहेत. मनुस्मृतीच्या यादीत अंगावरची वस्त्रे, वाहन, अलंकार, शिजवलेले अन्न आणि पाण्याची विहीर यांचा समावेश आहे आणि विहिरीसारखी गोष्ट वाटून न घेता पाळीपाळीने वापरावी, असा टीकाकारांचा निवाडा आहे. शिजवलेले अन्न अविभाज्य, परंतु ते ज्यात शिजले त्या तपेल्याविषयी मात्र स्मृतिकारांनी मौन पाळले. बहुधा त्यांच्याही घरी तोच प्रश्न प्रलंबित असावा.

आधुनिक कायद्याने निदान हक्कदारांची संख्या निश्चित केली. आंध्र प्रदेशाने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून ५ सप्टेंबर १९८५ पासून अविवाहित मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्रात अशीच दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली आणि देशभर ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली. म्हणजे पैनगंगेच्या अलीकडच्या मुलीला जो हक्क मिळाला, तो पलीकडच्या तिच्या मावसबहिणीला मिळायला आणखी नऊ वर्षे जावी लागली. या हक्काचा उपयोग मुलींनी शेतीसाठी फारसा केला नाही, कारण माहेर तुटेल अशी भीती होती. परंतु चांदीच्या करंड्याबाबत हे औदार्य सहसा दिसत नाही. बहिणींनी एकरांवर पाणी सोडावे आणि तोळ्यांवर अडून बसावे, याचे भावांना नवल वाटते. वस्तुतः त्यात नवल काही नाही, कारण एकर बापाचे होते आणि करंडा आईचा.

भांडे ‘आपले’ केव्हा होते, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयानेही एकदा हात घातला आहे. धौलपूरचे महाराजराणा हेमंतसिंह यांच्या १९७६ च्या प्राप्तिकराच्या खटल्यात, महालक्ष्मीच्या पूजेत मांडली जाणारी सोन्याची नाणी, चांदीची नाणी आणि चांदीच्या लगडी या वैयक्तिक वापराच्या वस्तू मानाव्यात का, असा मुद्दा होता, कारण तशा मानल्या असत्या तर त्यांच्या विक्रीवरच्या भांडवली नफ्याच्या करातून सुटका झाली असती. न्यायालयाने तो दावा फेटाळला. वस्तूचा माणसाच्या रोजच्या, अंगावळणी पडलेल्या वापराशी निकटचा संबंध असला पाहिजे, असा त्याचा सारांश होता. वर्षातून एकदा हळदकुंकू वाहणे म्हणजे वापर नव्हे, हे इतक्या मोठ्या न्यायपीठाने सांगून ठेवले असूनही आपल्या घरातील चांदीचे ताट वर्षातून एकदाच, तेही फोटोपुरते, बाहेर येते.

आता प्रत्यक्ष बैठकीचे स्वरूप पाहू. तेरावे आटोपल्यावर, बॅगा भरण्याच्या गडबडीत, माळ्यावरची भांडी अंगणात उतरवली जातात. या बैठकीची कार्यवाही ‘तूच घे’ या दोन शब्दांत चालते आणि त्यांचे अर्थ वक्त्यानुसार बदलतात. थोरल्या वहिनी ‘ताई, तुम्हीच घ्या’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ ‘इतकी वर्षे मीच घासली आहेत, हे लक्षात असू द्या’ असा असतो. ताई ‘वहिनी, तुमच्याकडे असली काय नि माझ्याकडे असली काय’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ ‘ती माझ्याकडे असलेली बरी’ असा असतो. डलासचा पुतण्या मोबाईलच्या पडद्यावरून ‘काका, मला काही नको’ म्हणतो आणि हे एकमेव वाक्य शब्दशः खरे असते, कारण विमानात प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात आणि घंगाळ बॅगेत मावत नाही. तथापि इतरांना त्याच्याच वैराग्याचा सर्वांत जास्त संशय येतो. मग कोणीतरी अडकित्ता उचलतो, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येते आणि सर्व भांडी मोजून, यादी करून, पुन्हा माळ्यावर चढवली जातात. यादी हरवते.

भावनेला बाजूला सारून जे सराफाकडे जातात, त्यांचे पुढचे शिक्षण तिथे होते. चांदी तेथे भाराने तोलली जाते आणि तिचा टंच काढला जातो. टंच म्हणजे शुद्धतेचे प्रमाण. जोडकामातला डाग, म्हणजे सांधा जुळवताना वापरलेला हलका धातू, वजा होतो, वितळवताना होणारी घट वजा होते, आणि पणजोबांनी ज्या नक्षीसाठी घडणावळ म्हणून रोख मोजली होती, त्या वेलबुट्टीची किंमत शून्य धरली जाते. याच दुकानात पुष्कळ घरांना पहिल्यांदा कळते की ज्या पेल्यावरून दोन जावांत अबोला होता, तो मुळी चांदीचा नव्हताच. जर्मन सिल्व्हर या नावाने विकला जाणारा धातू तांबे, निकेल आणि जस्त यांचा असतो, त्यात चांदी औषधालाही नसते. आणि १८४० साली इंग्लंडात एल्किंग्टन यांनी पेटंट घेतल्यानंतर विजेच्या साह्याने चांदीचा पातळ मुलामा देण्याची कला जगभर पसरली. अबोला मात्र शंभर नंबरी निघतो. २०२५ साली चांदीचा भाव किलोला १ लाख रुपयांच्या बराच पुढे गेल्यापासून भावनेची तीव्रता वाढल्याचे दिसते. ती ठेवण्याच्या बाजूने वाढली की मोडण्याच्या, हे ज्याच्या त्याच्या कर्जावर अवलंबून असते.

मोडीचा इतिहास शहाणपण शिकवण्यास पुरेसा आहे. इंग्लंडातील शेफील्ड हे गाव चांदीच्या सुऱ्या-काट्यांसाठी प्रसिद्ध होते आणि त्याच गावात १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केले, म्हणजे चांदीला घरच्याच माणसाने दगा दिला. ते पोलाद भारतीय स्वयंपाकघरात स्थिरावले, तेव्हा आपल्या आयांनी आणि आज्यांनी पितळेची मोड देऊन स्टीलचे डबे घेतले, आणि त्यांचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार ज्याने कधी घंगाळ घासले नाही त्याला नाही. पितळेला रोज चिंच आणि राख लागते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही या धातूंची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाण्याने करावी असे सांगितले आहे, म्हणजे दोन हजार वर्षांत पद्धत बदलली नाही, फक्त पीतांबरीची पुडी आली. आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला येई, अंगणात खड्डा करून भाता लावी, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की काळवंडलेला तळ आरशासारखा होई. आता तो येत नाही. आज नाती त्याच पितळेची छोटी भांडी ऑनलाइन मागवतात, त्यांत शोभेची फुले तरंगवतात, आणि आजीने मोड दिल्याबद्दल आजीलाच बोल लावतात.

चांदीचे काळे पडणे हाही एक गैरसमजाचा विषय आहे. हवेतील गंधकयुक्त वायूमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो दंतमंजनाने घासून काढला तर थरासोबत थोडी चांदीही जाते, परंतु अल्युमिनियमच्या भांड्यात कढत पाणी आणि सोडा घालून चांदी त्यात टेकवून ठेवली, तर अल्युमिनियम तो गंधक स्वतःकडे ओढून घेतो आणि चांदी पूर्ववत होते. अल्युमिनियमला घरात जर्मल म्हणतात, त्याला आहेरात कोणी देत नाही, त्यावर कोणी नाव घालत नाही आणि त्याच्या वाटणीसाठी कोणी भांडत नाही. ऐन वेळी खानदानाची लाज तेच राखते.

ज्यांना मोडवत नाही आणि ठेववत नाही, ते संग्रहालयाचा विचार करतात. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा करून त्यांना आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव दिले. इतरांच्या माळ्यावरची अडगळ शहाण्या डोळ्यांखाली आली की ती संस्कृती होते, हे त्यांनी सिद्ध केले. हैदराबादचे तिसरे सालारजंग १९४९ साली अविवाहित वारले आणि मागे चिनी मातीची, युरोपीय पोर्सेलिनची, चांदीची आणि जेडची इतकी मालमत्ता राहिली की दावेदारांशी तडजोड होऊन ती सरकारकडे यायला १९५८ साल उजाडले. दरम्यान १९५१ सालीच नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले होते आणि १९६१ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. एका घरातल्या कपबश्यांचा निकाल लावायला संसद लागली, ही गोष्ट आदिलाबादच्या कुटुंबांनी दिलासा म्हणून ध्यानात ठेवावी.

संग्रहालयातही भांड्याचा प्रश्न सुटतोच, असे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हैदराबादच्या पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयातून रत्नजडित सोन्याचा तीनपुडी डबा, कप, बशी आणि चमचा चोरीला गेला. काही दिवसांतच दोघे चोर पकडले गेले आणि पोलिसांनी सांगितले की मधल्या काळात मुंबईच्या हॉटेलात राहून त्यांच्यापैकी एकजण त्या डब्यात जेवत होता. निजामाने त्या डब्यात कधी जेवण केले नसावे, असेही तेव्हा सांगण्यात आले. चोरीचे समर्थन करता येत नाही. परंतु धौलपूरच्या खटल्यातील ‘निकट आणि नित्य वापर’ हा निकष लावला, तर त्या डब्याच्या हयातीत त्या कसोटीला उतरलेला माणूस एकच, आणि तो तुरुंगात गेला.

या साऱ्या गोंधळात आदिलाबाद जिल्ह्याकडेच एक उत्तर आहे, पण ते वाड्यांत नाही. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते आणि तिच्या आधी गोंडांच्या मेश्राम कुळातील माणसे पितळी झारी घेऊन पायी जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत जातात, तेथून गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते; पूजेची मातीची भांडी सिरिकोंड्याचे कुंभार घडवतात आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट याच वेळी घडवली जाते. त्या झारीचे काय करायचे, हा प्रश्न कुळापुढे येत नाही, कारण तिने काय करायचे हे ठरलेले आहे. याउलट जयपूरच्या दुसऱ्या माधोसिंहांनी १९०२ साली लंडनला गंगाजल नेण्यासाठी चांदीचे प्रचंड रांजण वापरले, ज्यांचे वजन प्रत्येकी सुमारे ३४५ किलो आहे आणि ज्यांत ४,००० लिटरहून अधिक पाणी मावते. ते रांजण आज राजवाड्यात पर्यटकांसाठी उभे आहेत. दोन्ही भांडी नदीचे पाणी वाहण्यासाठीच होती. एकाला काम राहिले, दुसऱ्याला फक्त किंमत राहिली.

यावरून जो नियम निघतो तो असा की भांड्याचा वारस रक्ताने किंवा मृत्युपत्राने ठरत नाही, तर जो ते वापरील आणि वापरून घासील, तोच त्याचा वारस. चांदीच्या वाटीत ज्याच्या घरी रोज दही वाढले जाईल, त्याने वाटी न्यावी. टी-सेटचे पाच कप जो सकाळच्या चहाला काढील, त्याने ते न्यावेत. फुटतील तेव्हा त्यांची वाटणी आपोआप झालेली असेल. ज्याला कोणीच घासणार नाही ते पितळ जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्याच उशेगावच्या ओझा कारागिरांना द्यावे, कारण मेणाचा साचा वितळवून त्याच्या जागी धातू ओतण्याच्या ज्या ढोकरा कलेला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिला मोडीचे पितळ चालते. मात्र देण्यापूर्वी काठावरचे नाव आणि साल वहीत उतरून घ्यावे, आणि परक्या नावाचा तांब्या ज्याचा त्याला पोचवावा.

हा नियम काटेकोरपणे लावला, तर आदिलाबादच्या बहुतेक वाड्यांत घंगाळाची कायदेशीर वारस ती बाई ठरते, जी वर्षानुवर्षे सणाच्या आदल्या दिवशी येऊन चिंचेच्या कोळाने ते घासत आली आणि जिचे नाव कोणत्याही भांड्यावर नाही. ही शक्यता बैठकीत नुसती उच्चारली, तरी आतापर्यंत ‘तूच घे’ म्हणणारी मंडळी ताबडतोब बाह्या सरसावून राख शोधू लागतात, असे आढळून आले आहे. आणि वाटणीच्या आजवर सुचवल्या गेलेल्या सर्व उपायांत कुटुंबाला एकत्र कामाला लावणारा उपाय हा एकच असल्याने, तो अमलात न आणताही परिणामकारक ठरतो.